गिरडला स्वयंपाकाला

सेवाग्रामच्या आश्रमात एक टेलिफोन ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना निकडीच्या वेळी गांधीजींशी बोलता यावं म्हणून सरकारनंच तो तिथं बसवून दिला होता. त्याच आवारात साप पकडायचा चिमटाही आहे. साप धरायचा, मारायचा नाही, लांब नेऊन सोडायचा. ताईची नात दोन्हींसमोर सारखाच वेळ उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, "आजी, या फोनवर ग्रुप नव्हते ना?" नव्हते म्हटलं. "मग बरं," म्हणाली आणि पुढं पळाली. नववीतली पोर. तिला हे 'बरं' का वाटलं ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

सेवाग्राम वाटेतलं होतं, जायचं होतं गिरडला. गिरड वर्धा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, समुद्रपूर तालुक्यात. तिथल्या टेकडीवर फरीदबाबांचा दर्गा आहे. ताईच्या धाकट्या मुलाला मूल व्हायला बरीच वर्षं लागली. त्या काळात भाऊजी बाबांना नवस बोलले होते, घरचं सगळं माणूस घेऊन गिरडला येईन आणि तिथंच स्वयंपाक करीन. बाळ आता बसायला लागलं होतं. ताईचा फोन आला, "थंडी हाय तवर ये. उन्हात चूल पेटवणं होत नाही माझ्यानं." ताई मूळची आमच्यासारखीच डोंबिवलीची. हिंगणघाटच्या घरात चाळीस वर्षं काढल्यावर ती आता नुसती वर्‍हाडी बोलत नाही, वर्‍हाडी रागावते.

वर्ध्यात आम्ही लक्ष्मीनारायणाचं देऊळ पाहिलं. जमनालाल बजाजांनी १९२८ साली हे घरचं देऊळ सगळ्यांसाठी उघडलं. अस्पृश्य म्हणून ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं जायचं ते सरळ गाभाऱ्यापर्यंत गेले. आज तिथं उभं राहून त्यात काही विशेष घडलं असेल असं वाटत नाही, इतकं ते साधं, शांत देऊळ आहे. येणारे येतात, घंटा वाजवतात, जातात. शंभर वर्षांपूर्वी याच घंटेवरून गावात किती घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली असतील याचा मी विचार करत होते, तोवर भाचा गोरस पाकाचे पुडे घेऊन आला. वर्ध्याहून निघताना गोरस पाक न घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुपाचं ते खुसखुशीत बिस्कीट चहात बुडवायची घाई केली की अर्धं कपातच राहतं.

आश्रमातच भाच्यानं एक गोष्ट सांगितली. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पत्रं तिकडं जायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम केलं. पत्ता चुकायला तेव्हा उपग्रह लागत नव्हता, एवढंच.

हिंगणघाट हे कापसाचं गाव. वणा नदीकाठी इथं १८८१ साली सूतगिरणी उभी राहिली, आणि त्याच्याही आधीपासून हिंगणघाटच्या कापसाचं नाव परदेशातल्या बाजारांत होतं. जानेवारीत गावात शिरलं की कापसानं भरलेल्या गाड्या पुढं-मागं असतात आणि बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. ताईचं घर जुनं आहे, मागं अंगण, अंगणात विहीर, आणि स्वयंपाकघर माझ्या अख्ख्या हॉलएवढं.

संध्याकाळी ताई आणि सुनेनं दुसऱ्या दिवसाची तयारी मांडली. मी मदतीला बसले आणि मला माझं डोंबिवलीचं स्वयंपाकघर आठवलं. तिथं एक इंडक्शनची शेगडी आहे, तिला ओल्या हाताचा स्पर्श कळत नाही. एक हवेवर तळणारं यंत्र आहे, ते मुलानं वाढदिवसाला दिलं. त्यात वडे कोरडे होतात आणि झाले की ते शिट्टी मारतं. मिक्सर नवा आहे, पण झाकण नीट बसलं नाही तर सुरू होत नाही आणि नीट बसलं आहे हे त्याचं त्यालाच पटावं लागतं. ताईकडं पाटा-वरवंटा आहे आणि मिक्सरही. ती चटणी पाट्यावर वाटते आणि मसाला मिक्सरवर. यात तिला काही तत्त्व दिसत नाही. "चटणी जाडीभरडी पायजे, मसाला बारीक पायजे. त्यात का हाय?"

त्या संध्याकाळी पातोडीचा रस्सा होता. बेसनाचं घट्ट पिठलं ताटात थापून त्याच्या वड्या पाडायच्या, खसखस, खोबरं, कांदा भाजून वाटायचा आणि लाल तर्रीच्या रश्शात वड्या सोडायच्या. आमच्याकडे पाटवडी गोडसर आमटीत जाते आणि तिखट म्हणजे नावापुरतं. इथं पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि सून हसून म्हणाली, "मावशी, आज तिखट कमीच हाय जी."

भाऊजींची एक खोली आहे. तिथं कुणी झाडायचं नाही. भाऊजी शाळेतून निवृत्त झाले आणि जुने रेडिओ दुरुस्त करायला लागले. लाकडी पेट्यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ, चामडी खोळीतले ट्रान्झिस्टर, आतल्या तारा सुटलेले, उंदरांनी कुरतडलेले. लोक देऊन जातात, काही न्यायला येतात, काही येतच नाहीत. भाऊजी सोल्डरिंगची पेन्सिल हातात घेतात आणि चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून, एकेक डाग देतात. आकाशवाणी नागपूर १९४८ साली सुरू झालं, आणि त्या केंद्राचा आवाज आधी कुठल्या कंपनीच्या पेटीतून ऐकला ते भाऊजी वर्षासकट सांगतात. रेडिओ बोलू लागला की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं तेच ते नातवंडाकडे पाहतात तेव्हाही मी पाहिलं.

त्याच हातांनी ते रोज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर काहीबाही पाठवतात. कुठल्या दर्ग्याखाली काय पुरलं आहे. कुणाकडून भाजी घ्यायची नाही. अमुक सालापर्यंत कुणाची संख्या किती होणार. फोन त्यांना अजून नीट वापरता येत नाही. फोटो कापता येत नाही, अक्षरं मोठी करायला नातीला हाक मारतात, पण आलेलं पुढं ढकलणं मात्र त्यांना अचूक जमतं. ते बटणच तसं सोपं ठेवलंय. ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकतं, कुणी गप्प राहतं. मोठ्या भाऊजींना तोंडावर काही बोलायची आमच्या घरात रीत नाही. ताईनं मात्र एकदा विचारलं होतं, हे सगळं पाठवता आणि गिरडचा नवसही बोलता, ते कसं काय? भाऊजी म्हणाले होते, "बाबाचं येगळं. बाबा आपले हायेत."

हे 'आपले' मला रात्रभर टोचत राहिलं. आपला असायला गिरडच्या बाबांनी काय केलं होतं, आणि परक्यांनी काय करायचं राहिलं होतं?

सकाळी तर्रीपोहे खाऊन निघालो. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतून, वर कच्चा कांदा आणि सांबार. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. गाडीत गंज, कोपर, सराटा, गोवऱ्यांचं पोतं, पोतंभर वांगी आणि बाळ. आमच्याकडे सहल म्हटलं की रिसॉर्ट बघायचं, जेवण, पोहायचा तलाव आणि संध्याकाळची भजी एका दरात. तिथं पोचल्यावर सगळे आपापल्या खुर्च्या धरून बसतात आणि पाण्याकडे बघतात. इथं मात्र सहलीला जाताना अर्धं स्वयंपाकघर बरोबर, आणि तिथं पोचल्यावर घरी करतो त्याच्या दुप्पट काम. याला विश्रांती म्हणायचं का, असं मी ताईला विचारलं. "विश्रांती घ्याले गिरडले कोन जाते?" ती म्हणाली.

समुद्रपूरच्या पुढं भाचा फोनमधल्या बाईच्या भरवशावर गाडी चालवत होता. तिनं त्याला उजवीकडे वळवलं, मग पुन्हा उजवीकडे, मग रस्ता संपला आणि आम्ही कापसाच्या शेतात उभे राहिलो. "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात," असं ती म्हणाली नाही हे तिचे उपकारच. कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया थांबल्या. एकीनं हात न थांबवता सांगितलं, "गिरडले जाता काय जी? मागं फिरा. टाकीपासून डावीकडं." आणि पुढं, अगदी सहज, "रोजच येतात जी एखाददोन गाड्या." वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे वाट सांगायला थांबणं म्हणजे तिचे पैसे बुडणं. तरी तिनं टाकीपर्यंत बोटानं दाखवलं.

त्याच धुऱ्यावर एक तरुण फोन डोक्यावर धरून फिरत होता. रेंज शोधत होता. पिकाची नोंद आता शेतकऱ्यानंच फोनवरून करायची असते, शेतात उभं राहून फोटो काढून. २०२१ पासून राज्यात ही पद्धत आहे. कल्पना वाईट नाही. तलाठ्याच्या मागं हिंडण्यापेक्षा आपल्या हरभऱ्याची आपणच नोंद केलेली बरी. पण नोंद शेतात उभं राहूनच करायची आणि शेतात रेंज नाही. "काल त्या बोरीवर चढून झालं होतं," तो म्हणाला, "आज तिथंबी नाही येऊन राहिली." त्याला हसू आलं, आम्हालाही आलं. पण नोंद झाली नाही तर नुकसानीचे पैसे अडतात, तेव्हा हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

रस्ता सापडल्यावर रान बदललं. कापूस मागं पडला, तूर पिवळी पडलेली, मधे सागाची आणि पळसाची झाडी. दूरवरून टेकडी दिसली. फार उंच नाही. सपाट मुलखात थोडी उंचीही पुरते.

गिरडच्या रस्त्यावर फुलं, चादरी, अगरबत्ती, रेवड्या, प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर आणि बांगड्यांची दुकानं. एका दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा ठेवला होता. सुनेनं फोन पुढं केला, चाक गोल फिरत राहिलं, डबा गप्प. दुकानदारानं चादर आणि फुलं पिशवीत घातली आणि हात हलवून म्हणाला, "उतरल्यावर द्या न जी. तवर येते नेटवर्क." आमचं नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. डोंबिवलीत माझा भाजीवाला मला वीस वर्षं ओळखतो, तरी डबा बोलल्याशिवाय पिशवी सोडत नाही. त्याला दोष देत नाही. त्याला फसवणारे किती भेटले असतील, कोण जाणे.

चढताना सुनेच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि आजची पावलं पूर्ण झाली म्हणून तिचं अभिनंदन केलं. "हे दर्ग्यावर आलेलं मोजते का?" ताईनं विचारलं.

टेकडीवरची माती खरवडली की छोटे गोल दगड हाती येतात. काही सुपारीएवढे, काही जायफळासारखे, काही खारकेसारखे. नात खाली वाकली ती उठेना. तिला दगड गोळा करायचा छंद आहे. तिच्या खोलीत चपलांच्या खोक्यांतून नदीचे गोटे, गारगोट्या, कुठल्याशा रस्त्याच्या कामातून उचललेली खडी, सगळ्यावर चिठ्ठ्या.

या दगडांची गोष्ट इथं कुणीही सांगतं. दोन व्यापारी माल घेऊन टेकडीखालून चालले होते, त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्येही ही कथा आहे, आणि तिथला उरलेला भाग मला जास्त आवडतो. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी वाळल्या पानांचा नवा माल त्यांना करून दिला. मग ते दोघं पुढं गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेतच राहिले. भाऊजी कथा सांगताना पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. बरेच जण तिथंच थांबतात. शाप लक्षात राहतो.

भूगर्भशास्त्र वेगळी गोष्ट सांगतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्या तापल्या थरात वायूचे बुडबुडे अडकले, थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या, आणि पुढं पाणी झिरपत झिरपत त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साकळली. बाहेरचा काळा बेसॉल्ट उन्हापावसात झिजून माती झाला, आतला दाणा तसाच राहिला. टेकडी सुपाऱ्यांनी भरली ती अशी. नातीला दोन्ही कथा सांगितल्या. तिला कुठलीही एक निवडावीशी वाटली नाही.

फरीदबाबांबद्दलही दोन कथा आहेत. बाबा फरीद हे तेराव्या शतकातले चिश्ती संत. साखरेचा खजिना अशा अर्थाचं, गंज-ए-शकर, हे त्यांचं बिरुद. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया त्यांचे शिष्य आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची वाणी आदरानं सामावलेली. त्यांची समाधी पाकिस्तानात, पाकपट्टणला. गिरडची परंपरा मात्र सांगते की वर्षानुवर्षं फिरून बाबा याच टेकडीवर येऊन राहिले. गॅझेटिअर त्यासाठी १२४४ सालाच्या आसपासचा काळ देतं. चिल्ला म्हणा, ठाणं म्हणा, लोकांना ते पुरतं. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या बाया चादर घेऊन रांगेत होत्या, टोपी घातलेले म्हातारे होते, आणि एक नवं जोडपं होतं. नवरीच्या हातांवर मेंदी अजून गडद होती. लोबानाचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत सारखाच गेला. बाळ रडलं. भाऊजींनी चादर चढवली आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

विदर्भात हे काही नवं नाही. नागपूरचे ताजुद्दीनबाबा १९२५ मध्ये गेले. त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेणारे भोसले राजे होते. ताजबागेत आजही रांगेत सगळेच असतात. हे लिहिताना मला याची महती गायची नाही, कारण दर्ग्यावर एकत्र रांगेत उभं राहणं आणि गल्लीत एकमेकांना घर भाड्यानं देणं यांत मोठं अंतर आहे. पण रांग तरी आहे.

खाली उतरल्यावर खरं काम सुरू झालं. झाडाखाली जागा पाहिली, तीन दगड मांडले, गोवऱ्यांचा ढीग पेटवला. ताई रोडगे करणार होती. जाडसर दळलेली कणीक, त्यात ओवा, मीठ, हळद आणि तेलाचं मोहन, घट्ट मळायचं. तीन जाड पोळ्या लाटून एकावर एक ठेवायच्या, मधे तेल लावायचं, आणि मग त्यांचा गोळा वळायचा, म्हणजे आत पदर राहतात. गोवऱ्या पेटून लाल झाल्या, धूर थांबला की गोळे निखाऱ्यांत पुरायचे. परतत राहायचं. वरून काळे झाले तरी घाबरायचं नाही. दुसऱ्या चुलीवर वांग्यांची भाजी, तिसरीवर तुरीचं वरण. वांगी इथं छोटी, काटेरी, देठासकट चिरलेली. वांग्यात शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि हात आखडता न घेता तिखट.

मला पोपटाच्या शेंगा सोलायला दिल्या होत्या. मोबाइलवर मी पाककृती पाहते तेव्हा सगळं काचेच्या वाट्यांत मोजून ठेवलेलं असतं आणि हात सुंदर असतात. इथं राख उडत होती, कुत्रं वांगी हुंगून गेलं, सून बाळाला एका खांद्यावर घेऊन वरण ढवळत होती आणि ताई ओरडत होती, "अवो, गोवऱ्या दाबू नका, जळतीन!" तेवढ्या गोंधळात भाजीत मीठ किती पडलं ते कुणी पाहिलं नाही. ते बरोबरच पडलं.

शेजारी उमरेडकडचं एक कुटुंब होतं. त्यांची देग मोठी, मटणाची. देगीवर झाकण, झाकणावर निखारे. त्यांची म्हातारी उठून आली आणि ताईला म्हणाली, "बाई, नमक है क्या? बहू भूल गई." ताईनं मिठाची पुडीच देऊन टाकली. थोड्या वेळानं त्यांचा मुलगा लाल निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आला, कारण आमच्या एका बाजूच्या गोवऱ्या ओल्या निघाल्या होत्या आणि ते त्यानं लांबूनच पाहिलं होतं. मागावं लागलं नाही.

भाऊजींनी ट्रान्झिस्टर लावला होता. गाणी लागली तसे शेजारचे आजोबा काठी टेकत आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. "मर्फी?" त्यांनी विचारलं. भाऊजींचा चेहरा उजळला. मग अर्धा-पाऊण तास दोघं दुसरं काही बोललेच नाहीत. पट्टी कशी तुटते, सेल गळून पत्रा कसा खातो, लघुलहरींवर रात्री काय लागायचं. आजोबांच्या घरीही एक बंद पडलेला रेडिओ होता, वडिलांचा. भाऊजी म्हणाले, हिंगणघाटले आणा, मी पाहतो. आजोबा म्हणाले, नंबर मुलाला द्या, मला फोनमधलं दिसत नाही. "मलेबी कुठं दिसते," भाऊजी म्हणाले. मग कापसाच्या भावावर गाडी गेली आणि दोघांचं एकदम एकमत झालं. कापसाच्या भावावर या मुलखात मतभेद होणं अवघडच.

रोडगे निघाले. ताईनं एकेक फडक्यात धरून राख झटकली, मुठीनं फोडला, आतून वाफ आणि पदर सुटले. वर तूप. पहिलं ताट बाबांसाठी बाजूला, दुसरं शेजारी गेलं. आजोबांनी रोडगा मोडला, वांगं घेतलं, मान हलवली. त्यांच्याकडून आमच्याकडे ताट आलं नाही. आजीनं लांबूनच विचारलं होतं, "आप लोग खाते नहीं न?" आणि ताईनं मान हलवली होती. यात कुणाला राग नाही, कमीपणा नाही, असं सगळेच म्हणतात. पण त्यांनी आमचं खाल्लं आणि आम्ही त्यांचं खाल्लं नाही, हे मी पाहिलं. नातीनंही पाहिलं. तिनं काही न विचारता जाऊन त्यांच्याकडच्या रेवड्या घेतल्या आणि खाल्ल्या. रेवड्या चालतात.

निघताना आजोबांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून दहाची नोट काढून त्याच्या मुठीत दिली आणि काहीतरी पुटपुटले. भाऊजींनी बाळाला उचलून त्यांच्या पायांवर ठेवलं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा माणूस आणि तान्हं मूल समोर आलं की आपल्याकडे जे करतात तेच त्यांनी केलं. मी भाऊजींकडे पाहत होते. सकाळी ग्रुपवर त्यांनी जे पाठवलं होतं ते माझ्या फोनमध्येच होतं. त्या मजकुरातल्या 'त्यांच्या'त हे आजोबा बसतच नव्हते, आणि आजोबांकडे पाहताना भाऊजींना तो मजकूर आठवत नव्हता. फोन माणसं दाखवतो ती अशी, चेहरा काढून घेतलेली. मग त्यांचा राग करणं सोपं जातं.

नातीला मी विचारलं, ग्रुप नव्हते ते बरं असं का म्हणालीस? ती म्हणाली, "माझी मैत्रीण आहे वर्गात, तिच्या आजोबांचं नाव घेऊन कुणी असं पाठवलं तर? आमच्या घरच्या ग्रुपवर असलं येतं हे मी तिला सांगितलेलं नाही." मग थोड्या वेळानं, "आबांना सांगू नको." मी सांगितलं नाही. इथं लिहिते आहे, आबा मासिकं वाचतात.

परत निघताना कोपऱ्यावर चहा घेतला आणि सुनेनं दुकानदाराचे पैसे चुकते केले. डबा तेव्हाही गप्पच होता, तिनं नोट दिली. चहावाला वाघाचं बोलत होता. एका अंगाला ताडोबा, दुसऱ्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं जंगल. वाघाला हद्दीची पाटी वाचता येत नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं. "वाघ रात्री फिरते, लाईटबी रात्रीच येते," तो म्हणाला. "दोघाईले आमचाच टाइम भेटला." मुंबईकडची माणसं वाघ पाहायला जीपचे हजारो रुपये भरतात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं त्यावर काही म्हटलं नाही, फक्त चहा गाळत राहिला.

गाडीत नातीच्या ओढणीच्या गाठीत दगड खुळखुळत होते. ताईनं ओळखलं. "त्या सुपाऱ्या बाबाच्या हायेत. वापस ठेवून ये." नात म्हणाली, झिओलाइट आहे, आजी. ताई म्हणाली, असंल, ठेवून ये. भाच्यानं गाडी वळवली. नातीनं दगड टेकडीच्या पायथ्याशी ओळीनं मांडले, फोटो काढले आणि वहीत मोजमापं लिहून घेतली. मला वाटतं संग्रह करण्याची ही पद्धत जास्त चांगली आहे, कारण खोक्यातल्या दगडाला टेकडी उरत नाही. शिवाय पोरीची खोली आधीच भरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर भाऊजींनी रोडग्यांचा फोटो टाकला. थोडा तिरका, कोपऱ्यात शेजारच्या आजोबांची काठी आणि ट्रान्झिस्टर. सगळ्यांनी वाहवा केली. अर्ध्या तासानं त्याच्याच खाली नेहमीसारखं एक काहीतरी ढकललेलं आलं. त्यावर ताईनं, पहिल्यांदाच, ग्रुपवर लिहिलं, "उमरेडचे दादा रेडिओ घेऊन सोमवारी येणार हायेत. चाहापाण्याचं पाहून ठेवजा." भाऊजींनी अंगठा दाखवला. ढकललेलं तसंच राहिलं, कुणी काढलं नाही.

गिरडला जायचं तर थंडीत जा. मोहरमच्या दिवसांत गर्दी फार असते, चूल मांडायला जागा शोधावी लागते. टाकीपासून डावीकडे वळा, फोन काहीही म्हणो. गोवऱ्या वाळलेल्या पाहून घ्या, मीठ थोडं जास्तीचं ठेवा, आणि टेकडीवरच्या सुपाऱ्या टेकडीवरच राहू द्या.